समुद्रकाठचा रस्ता आणि परिग्रहपरिमाण

(भाषणाचा मजकूर)



कळमनुरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही मुंबईस गेलेला येथील माणूस मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घटकाभर बसल्यावाचून सहसा परतत नाही. ‘राणीचा रत्नहार’ म्हणून विख्यात असलेल्या या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या रस्त्याची कथा श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताशी, परिग्रहपरिमाणाशी, जवळचे नाते सांगते.

चौपाटीकडील पहिल्या टप्प्याचे काम १८ डिसेंबर १९१५ रोजी सुरू होऊन १९२० मध्ये पूर्ण झाले. त्यास केनेडी सी-फेस म्हणत. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत बॅकबेचा समुद्र हटविण्याची भव्य योजना निघाली. आठ विभाग आखले गेले; परंतु टाकलेला भराव भिंतीतून निसटू लागला, खर्च फुगला आणि चार विभागांवरच काम थांबले. या उधळपट्टीविरुद्ध खुर्शेद फ्रामजी नरिमन निर्भयपणे उभे राहिले. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचेच स्मारक होय.

मिळालेल्या भूमीवर १९३० नंतर गोलाईदार सज्जांच्या काँक्रीट इमारतींची रांग उभी राहिली. बांधकामाच्या नियमांमुळे बहुतेक इमारती पाच-सहा मजल्यांच्या आणि एका रेषेत राहिल्या. कोणी शेजाऱ्याहून उंच झाला नाही, म्हणूनच ऊन, वारा आणि समुद्रदर्शन सर्वांच्या वाट्यास आले. मर्यादेतूनच या रस्त्याची शोभा जन्मली.

मात्र मर्यादेबरोबर जबाबदारीही हवी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटमधील लोखंड गंजत राहिले. अल्प भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे मालक म्हणत. घर मालकाचे आहे, असे भाडेकरू म्हणत. दोघांच्या मध्ये वास्तू झिजत राहिली.

२०१८ मध्ये येथील आर्ट डेको इमारतींचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गही या रस्त्यास येऊन मिळाला. गौरव वाढला, देखभालीचा प्रश्न मात्र सन्मानपत्राने सुटत नाही.

संस्थेची वास्तूही सर्वांची असते, आणि सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे होण्यास वेळ लागत नाही. घेताना परिमाण आणि जपताना आपलेपण, एवढे साधले तर पन्नास वर्षांपूर्वी दिलेले दान पुढील पन्नास वर्षेही फळास येईल.