सुट्या पैशांतील इतिहास

(जिल्हा ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नाणी जमविण्याचा छंद म्हटला की राजेरजवाड्यांच्या मोहरा आणि संग्रहालयातील काचेची कपाटे आपल्या डोळ्यांसमोर येतात. हा श्रीमंतांचा उद्योग, असा आपला समज होतो. आज मला बोलावयाचे आहे ते त्याहून साध्या छंदाविषयी. एस.टी.चा वाहक तिकिटाचे उरलेले पैसे हातावर ठेवतो, किराणा दुकानदार गल्ल्यातून सुटे काढून देतो. ती नाणी खर्च करण्यापूर्वी एकवार निरखून पाहावीत, एवढेच या छंदाचे भांडवल. मात्र या छंदाच्या नावाखाली अलीकडे भोळ्या माणसांची लूटही होऊ लागली आहे. तिच्याविषयी बोलणे माझ्यासारख्या माहिती अधिकाऱ्यास टाळता येणार नाही.

प्रथम पाहावे ते नाण्यावरील वर्ष आणि त्या वर्षाखालील खूण. आपल्या देशात चार सरकारी टांकसाळी आहेत. मुंबईची टांकसाळ १८२९ मध्ये स्थापन झाली. तिच्या नाण्यांवर पत्त्यांतील चौकटासारखी बारीक खूण असते. हैदराबादची खूण पाच टोकांची चांदणी, तर १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडा टांकसाळीची खूण वाटोळा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते आणि ती नसण्यावरूनच ते नाणे ओळखावयाचे. १९८५ मध्ये नाण्यांची टंचाई निर्माण झाल्याने सरकारने काही नाणी परदेशातून पाडून आणली. त्यांपैकी बर्मिंगहॅम येथे पाडलेल्या रुपयावर वर्षाखाली रोमन लिपीतील ‘एच’ हे अक्षर आढळते. एकाच वर्षाचे चार रुपये शेजारी ठेवून या खुणा शोधण्यात शाळकरी मुलांचा तास कसा निघून जातो, हे शिक्षकांनी अवश्य करून पाहावे.

मग धातूकडे वळावे. १९७५ पासूनचा रुपया तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा होता. १९९२ मध्ये पोलादाचा, आकाराने लहान रुपया आला. साधे लोहचुंबक जवळ नेले की पोलादी रुपया चिकटतो, जुना चिकटत नाही. सरकारी अर्थव्यवहारातील काटकसर शिकविण्यास याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही!

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती अमलात आली. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. नव्या पैशातील ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला. त्याच वर्षी तीन पैशांचे षट्कोनी नाणे निघाले, आणि पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणीही निघाली. त्यांतील पन्नास पैशांवर नेहरूंचे नाव एका छापात नागरीत, तर दुसऱ्यात रोमन लिपीत आहे. १९६८ पासूनच्या कमळाच्या वीस पैशांचा रंग पिवळाधमक. त्यात सोने असल्याची समजूत पसरली व लोकांनी ते साठवून ठेवले. प्रत्यक्षात ते ॲल्युमिनियम-ब्राँझचे होते. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ती, तसेच १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा, आता दुकानात मिळावयाची नाहीत. देवघरातील डब्यात किंवा आजीच्या बटव्यात मात्र मिळतील.

आजच्या व्यवहारातही नजर ठेवण्याजोगे पुष्कळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया आणि त्याच वर्षीचे छत्रपती शिवरायांचे दोन रुपयांचे नाणे ही आपल्या मातीची नाणी अधूनमधून हाती येतात. ती आली की बाजूला काढावीत. पण ती लाखमोलाची आहेत, असे मात्र समजू नये.

इथेच फसवणुकीस वाव मिळतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच व दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये सर्वसाधारण चलनासाठी निघाली. त्यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती फिरत असतात. एक शेतमजूर असे पाच रुपयांचे नाणे रुमालात बांधून आमच्या कार्यालयात आला होता. दूरध्वनीवरील ‘खरेदीदारा’ने त्याच्याकडून आधी नोंदणी शुल्क आणि मागाहून कर म्हणून उसनवारीचे पैसे उकळले होते. मुलीच्या लग्नाची बोलणी त्या नाण्याच्या भरवशावर चालू होती. त्याला खरे काय ते सांगताना माझी जीभ अडखळली. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट केले आहे की, अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, ती शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तिने कोणासही तसा अधिकार दिलेला नाही. नाणे विकणाऱ्यानेच आधी पैसे भरावयाचे, असा सौदा समोर आला की तेथेच थांबावे व पोलिसांत तक्रार करावी.

याच्या उलट प्रकार दहा रुपयांच्या नाण्याचा. छाप वेगळा दिसला की काही दुकानदार ते खोटे म्हणून नाकारतात. तोवर काढलेल्या चौदाही प्रकारांची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. संग्राहकाला हे चौदा प्रकार जमविणे ही पर्वणीच. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला मात्र ते नाकारले जाणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईला कात्री.

जमविलेली नाणी चिंच, लिंबू वा रांगोळीने घासू नयेत. झळाळी येते, पण वरचा थर व बारीक अक्षरे झिजतात आणि जाणकाराच्या दृष्टीने नाण्याचे मोल घटते. मऊ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कोरडे कागदी पाकीट बरे. त्यावर वर्ष, टांकसाळीची खूण आणि नाणे कोठे व केव्हा मिळाले ते लिहावे. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे.

शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्यान्वये ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अशा वेळी नाणी पुसू नयेत, आपसांत वाटू नयेत, आणि ती जेथे निघाली ती जागा तशीच राखून ठेवावी.