रिव्हो मठाचे शिसे



स्मृतिव्याख्यानासाठी मी परदेशातील एक पडका मठ निवडला, याचे काहींना नवल वाटेल. त्यामागचे कारण अखेरीस सांगेन.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, राय नदीच्या काठी, ११३२ साली फ्रान्समधील क्लेर्व्हो येथून आलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांनी रिव्हो मठ स्थापन केला. खोरे इतके चिंचोळे की पूर्व-पश्चिम चर्चला जागा पुरेना. ते जवळजवळ दक्षिणोत्तर बांधावे लागले. एल्रेड मठाधिपती असताना (११४७-६७) येथे १४० संन्यासी व ५०० श्रमबंधू होते, असे त्याचा चरित्रकार वॉल्टर डॅनियल लिहितो. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ बरखास्त झाला, तेव्हा वीस-बावीसच संन्यासी उरले होते.

मठाची मालमत्ता रटलंडच्या अर्लकडे गेली. छपरावरचे शिसे मात्र राजाने स्वतःसाठी राखले. ते उतरवून वितळवण्यात आले व त्याच्या लगडींवर राजचिन्ह उमटवले गेले. छप्पर गेलेली वास्तू पुढे ऊनपावसाच्या स्वाधीन झाली.

१९१७ साली हे अवशेष सरकारी बांधकाम खात्याच्या ताब्यात आले. सर चार्ल्स पीअर्स यांच्या देखरेखीखाली, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हातून ढिगारे उपसले गेले. भिंती सावरल्या, मठाचा आराखडा स्पष्ट झाला. पण मध्ययुगीन भिंतींपर्यंत पोहोचण्याच्या घाईत त्यानंतरच्या काळाचे थर नीट नोंदले न जाताच वाहून नेले गेले. पुरातत्त्वात ही हानी भरून निघत नाही. उपसलेला थर पुन्हा वाचता येत नाही.

याच कामात, कोसळलेल्या पश्चिम भिंतीच्या दगडांखाली, राजाकडे कधी न पोहोचलेल्या काही लगडी सापडल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे अर्धा टन! त्यांचे शिसे यॉर्क मिन्स्टरमधील ‘पाच भगिनी’ या तेराव्या शतकातील काचचित्र-खिडकीच्या दुरुस्तीसाठी वापरले गेले. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील स्त्रियांचे स्मारक म्हणून ती खिडकी १९२५ साली पुन्हा खुली झाली.

आता कारण सांगतो. एका प्रार्थनामंदिराला उघडे पाडून काढलेले शिसे जवळजवळ चारशे वर्षांनी दुसऱ्या प्रार्थनामंदिरातील काचा धरून ठेवण्याच्या कामी आले. स्मृतीचेही असेच असते. ती नुसती जपून भागत नाही, कामाला लावावी लागते. आणि ती उकरताना आपल्याला नको वाटणारे थर फेकून देण्याचा मोह आवरावा लागतो. आपल्या शाळेचा इतिहास लिहिताना एवढे भान आपण राखले, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे मी मानीन.