पाठ तपासणारा सोबती

आम्ही पैठण तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी आम्ही इथं बसून कर्जाचे हप्ते, मोसंबीचा भाव, पोरींचं शिक्षण असं काही बोलतो. आज लढाईबद्दल बोलणार आहोत. बायांना लढाईशी काय करायचंय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. शेवटी ही गोष्ट आपल्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीपर्यंत येणार आहे.

झालं असं. मार्गशीर्षातला गुरुवार होता, डिसेंबरची अकरा तारीख. आमच्या गटातल्या एका आजींच्या घरी आम्ही सगळ्या महालक्ष्मीची कहाणी वाचायला जमलो होतो. घट मांडलेला, फळं ठेवलेली. तेवढ्यात आजींचा मोबाइल वाजला. आजी फोन घेऊन ओसरीवर गेल्या. पलीकडचे बाबा कानानं अधू असावेत, कारण ते एवढ्या मोठ्यानं बोलत होते की आम्हालाही ऐकू येत होतं. "राम राम वहिनी. आज अकरा तारीख. जेवलात का?" बस, एवढंच. मग पोराबाळांची चौकशी, गुडघ्यांची चौकशी. घटकाभरानं दुसरा फोन. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत चार फोन आले. एक साताऱ्याकडून, एक कोल्हापूरकडून, एक बीडहून आणि चौथा एका बाईचा. तिचेही मालक वारलेले.

आजींचे मालक जाऊन सहा वर्षं झाली. ते फौजेत होते हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते विमानातून उडी मारणाऱ्या पलटणीत होते आणि बांगलादेशच्या लढाईत उतरले होते, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना त्या दिवशी कळलं. मग आम्ही आजींना विचारलं, त्या चौघांपैकी दोघांशी फोनवर बोललो, आणि जे कळलं ते तुम्हाला सांगतोय.

आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक जुनी पलटण पुढं पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. १९५२ साली ही रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ती तिची दुसरी पलटण झाली, म्हणून तिला 'दोन पॅरा' म्हणतात. तिच्यात बहुतेक आपली मराठी पोरं. आग्र्याला उडी शिकायची, छातीवर पंखांचा बिल्ला लावायचा, डोक्यावर मरून रंगाची टोपी.

उडीची रीत त्या बाबांनी आम्हाला समजावली. विमानात डोक्यावर एक तार ताणलेली असते. प्रत्येकानं आपल्या छत्रीच्या पट्ट्याचा हूक त्या तारेला अडकवायचा. उडी मारली की त्या पट्ट्याच्या ओढीनं छत्री आपोआप उघडते. आता छत्रीचं गाठोडं असतं पाठीवर. स्वतःची पाठ कुणाला दिसते का? नाही. म्हणून रांगेत उभं राहिलं की मागचा पुढच्याची पाठ तपासतो. पट्टा नीट आहे का, काही गुंतलंय का, ते बघतो आणि मग 'ठीक' म्हणून सांगतो. सगळ्यात मागून सुरुवात होते आणि 'ठीक, ठीक' करत आवाज दारापर्यंत जातो. मग हिरवा दिवा लागतो.

११ डिसेंबर १९७१. दुपार कलताना ही पलटण बंगालमधल्या विमानतळांवरून निघाली आणि टांगाईलजवळ उतरली. टांगाईल हे गाव आज बांगलादेशात आहे. जसं आपलं पैठण पैठणीसाठी, तसं टांगाईल तिथल्या हातमागाच्या सुती साड्यांसाठी नावाजलेलं. विणकरांच्या गावातली पोरं विणकरांच्या गावात उतरली म्हणायची. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचं. जमालपूर आणि मैमनसिंगकडून पाकिस्तानी फौज ढाक्याकडे मागं हटत होती, तिची वाट तिथं अडवायची होती. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू हे पलटणीचे साहेब. पुढं त्यांना महावीर चक्र मिळालं.

माणसं वाऱ्यानं पांगली, सामान दूर दूर पडलं. त्या भागात कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीचा जोर होता. गावातले लोक शेतांतून धावत आले आणि ओझी वाहायला लागले. त्याच संध्याकाळी पूल हातात आला. रात्री शत्रूनं परत परत हल्ले केले, पण पूल सुटला नाही. बाहेर मात्र बातमी पसरली की पाच हजार छत्रीवाले उतरलेत. उतरली होती एक पलटण आणि तिच्या मदतीच्या तुकड्या. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. शहरात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांमध्ये हीच पलटण होती.

ही झाली लढाईची गोष्ट. ती पुस्तकांत सापडेल. पुढची नाही सापडणार.

लढाईवरून आजींचे मालक सुटीवर आले, तेव्हा इकडे जायकवाडीच्या धरणाचं काम चालू होतं. लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि मालकांची मनीऑर्डर आली की घरात ज्वारी यायची. मग धरण भरायला लागलं. गाव उठलं. घर, पार, देऊळ, सगळं नाथसागराच्या पाण्याखाली गेलं. नव्या गावठाणात बिऱ्हाड आलं, पण सोबत्यांच्या वहीत पत्ता जुनाच राहिला. मालक पेन्शनीवर आले, तेव्हा कुणाचं पत्र येईना. त्यांना वाटलं, सोबती विसरले. सोबत्यांना वाटलं, हा विसरला. पत्ताच बुडाला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाठ पडली ती नाथषष्ठीला. एक सोबती दिंडीबरोबर पैठणला आले होते. नाथांचं दर्शन झालं आणि त्यांनी वाळवंटात भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, "अमक्या गावचा फौजी ओळखता का? गाव धरणात गेलंय म्हणतात." असं विचारत विचारत ते आजींच्या दारात आले. आजी सांगतात, दोन म्हातारे उंबऱ्यातच गळ्यात पडून रडले आणि मग चहा निवून गेला तरी बोलत बसले.

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. एक यादी केली, अकरा नावांची. दर अकरा डिसेंबरला पहिल्यानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता तो क्रम राहिला नाही, जो तो सगळ्यांना करतो. १९७१ ला जे विशीत होते ते आज पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेत. अकरातले तीनच उरलेत. पण एक नेम त्यांनी मोडलेला नाही. माणूस गेला तरी त्याचं घर यादीतून जात नाही. त्याची बायको असेल तर तिला फोन, ती नसेल तर मुलाला.

मालक वारले त्या वर्षी आजींना वाटलं, आता कशाला कोण फोन करतंय. फोन आला. साताऱ्याचे बाबा म्हणाले, "वहिनी, त्या दुपारी विमानात माझ्या मागं तुमचे मालक होते. माझी पाठ त्यांनी तपासली होती. आता तुमची पाठ आम्ही तपासायची."

ते नुसतं बोलले नाहीत. आजींची कुटुंब पेन्शन तेव्हा अडली होती. कारण ऐका, हे आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. लग्नानंतर फौजेच्या कागदावर आजींचं नाव माहेरचं लागलं होतं. आधारवर सासरचं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, त्यामुळे कागदावर एकाच बाईच्या दोन बाया झाल्या. त्यात घरच्यांनी मराठा पलटण म्हणून अर्ज बेळगावला धाडला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला हे खरं, पण पॅराशूट रेजिमेंटचं केंद्र आहे बेंगळुरूला. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. साताऱ्याच्या बाबांना माहीत होतं, कारण त्यांच्या वहिनीच्या वेळी असंच झालं होतं. त्यांनी फोनवर एकेक कागद सांगितला. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मालकांचा फौजेतला नंबर लिहा. तो नंबर आजींना येत नव्हता. बाबांनी तो तोंडपाठ सांगितला. काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली.

मैत्रिणींनो, आम्हाला त्या दिवशी एक गोष्ट टोचली. त्यांनी आपल्या सोबत्याचा नंबर पन्नास वर्षं पाठ ठेवला आणि आपल्याला घरातल्या पेटीत काय आहे ते माहीत नाही. घरचा माणूस सांगत नाही, हे खरं. पण आपणही कधी विचारलेलं नसतं.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. गावात जितकी फौजी घरं आहेत तिथं जायचं आणि घरातल्या बाईच्या हातानं एका वहीत लिहून घ्यायचं. मालकांचा फौजेतला नंबर. पलटणीचं नाव आणि तिचं केंद्र कुठं आहे ते. पेन्शनीच्या कागदावरचा पीपीओ नंबर. त्या कागदावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का. नसेल तर मालक हयात आहेत तोवर दुरुस्त करून घ्या, तेव्हा ते सोपं जातं. ईसीएचएसचं दवाखान्याचं कार्ड आहे का. हयातीचा दाखला दर वर्षी वेळेवर जातो का. आणि शेवटच्या पानावर सोबत्यांची नावं आणि फोन नंबर. ते पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीची पानं हरवली तर ती हीच माणसं परत भरून देतील.

आणखी एक. मालक म्हातारे असतील तर संध्याकाळी जवळ बसून विचारा, तुमची पाठ कोण तपासत होतं? नाव सांगतील. नाव सांगितलं की पुढचं आपसूक निघेल. नातवंडांना जवळ बसवा. जो आज बोलेल तो उद्या असेलच असं नाही.

आजींच्या यादीत आता नवं नाव लागलंय, आमच्या गटाचं. साताऱ्याच्या बाबांनीच सांगितलं, "पोरींनो, आम्ही तिघं राहिलोय. आम्ही नसू तेव्हा अकरा तारखेला वहिनींना फोन कोण करणार?" आम्ही म्हटलं, आम्ही करू. आणि नुसता आमच्या आजींना नाही, यादीतल्या अकराही घरांना करू.

वही घ्या मैत्रिणींनो, पेन घ्या, आणि पेटी उघडा. राम राम.