इशारा मिळाला, पाळला कोणी?

३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य तिन्ही. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती आपल्या बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीपासून.

भार वाढतोय हे प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांना दिसत होते. त्यांनी सूचनाही दिल्या. राज्यांनी त्या पुरेशा पाळल्या नाहीत, असे चौकशी समितीने नोंदवले.

पुढे सेकंदाला २५ नोंदी देणारी यंत्रे देशभर बसली. स्वागतच आहे. पण यंत्र भार दाखवते, कमी करीत नाही. म्हणून जाळ्याची परीक्षा यंत्रे मोजून होणार नाही. इशारे किती गेले, किती पाळले, न पाळणाऱ्यांवर काय कारवाई झाली, हे दरवर्षी जाहीर व्हावे, अशी आमची मागणी आहे. बिल आपण भरतो. हिशेबही आपणच मागायचा.