कोटीत एक



काचीगुड्याला साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा बी.एच.एम.एस. डॉक्टर अर्धवाहकांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून तुमच्यापैकी काही जण हसले असतील. हसा. मला या विषयाकडे ओढले ते आमच्याच धंद्यातल्या एका आकड्याने.

आमच्याकडे '७ एक्स' म्हणजे एक कोटी भागांत औषधाचा एक भाग. आपल्या चर्लपल्लीला सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर अशी तिची तीन केंद्रे. इथल्या केंद्रात टेल्युरियम, कॅडमियमसारखी द्रव्ये ९९.९९९९९ टक्के शुद्धतेपर्यंत नेण्याचे काम चालते. म्हणजे कोटीत एक भाग मळ, तेवढाच माफ. कांबेचा एक अरुंद पट्टा तेवढा वितळवायचा आणि तो पट्टा सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायचा. मागे गोठणारा धातू बराचसा मळ वितळलेल्या भागातच सोडतो. असे पुन:पुन्हा केले की मळ टोकाला जमतो आणि ते टोक कापून टाकतात.

एवढे सोवळे कशासाठी? पाच कोटी सिलिकॉन अणूंमागे बोरॉनचा एक अणू मिसळला, तरी सिलिकॉनची वीज वाहण्याची क्षमता हजारो पटींनी वाढते. यावरून होमिओपॅथी सिद्ध झाली असे मात्र कृपा करून म्हणू नका. तिथला प्रत्येक अणू हिशेबात असतो. आमच्या '३० सी'मध्ये मूळ द्रव्याचा एक अणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. धंद्याला गैरसोयीचे असले तरी ते खरे आहे.

आता सिलिकॉनच्या पुढची द्रव्ये पाहू. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंबरठा ओलांडावा लागतो. सिलिकॉन कार्बाइडमध्ये तो सुमारे ३.३ आणि गॅलियम नायट्राइडमध्ये ३.४ आहे. उंबरठा उंच असला की द्रव्य जास्त उष्णता आणि जास्त व्होल्टेज सोसते. म्हणून विजेची मोटार, रडार, जलद चार्जर यांना ही द्रव्ये हवीत. सूर्यास्ताआधी जेवणे उरकणाऱ्या घरात मी वाढलो. आज त्याच घरात रात्री जो पांढरा एलईडी जळतो, त्याच्या पोटात गॅलियम नायट्राइडच आहे. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले.

सिलिकॉन कार्बाइड तुम्हाला परके नाही. सुरीला धार लावायचा कार्बोरंडम तोच. पण त्याचा निर्दोष स्फटिक वाढवणे महाकठीण, कारण साध्या दाबाखाली तो वितळतच नाही. कापरासारखा थेट वाफ होतो, तेही दोन हजार अंशांच्या वर. ती वाफ बीजस्फटिकावर बसवत न्यायची, तासाला मिलिमीटरभरही नाही. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने अशी चार इंची चकती आणि १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर देशातच तयार करण्याची पद्धत बसवली. डीआरडीओने ते २०२४च्या नोव्हेंबरात जाहीर केले. मर्यादित उत्पादन होते ते आपल्या हैदराबादेत, गेटेक या केंद्रात.

आणि गॅलियम? त्याची वेगळी खाण नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉक्साइटमध्ये ते टनामागे पन्नासेक ग्रॅम असते आणि अ‍ॅल्युमिना करताना द्रावणात उतरते. कोल्हापूरच्या डोंगरातही बॉक्साइट आहे आणि बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. पण जगातले बहुतेक गॅलियम चीन काढतो. २०२३च्या ऑगस्टपासून त्याने निर्यातीला परवाना लावला, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली.

आता घरातली गोष्ट. बारावीनंतर माझ्या मुलीला धातुशास्त्र घ्यायचे होते. "भट्टीपुढे उभी राहणार का?" असे म्हणून मी तिला संगणकाकडे वळवले. तेव्हा आपल्या सगळ्या घरांत हेच चालले होते. ती आज चांगल्या पगारावर आहे आणि तिने मला कधी बोल लावला नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी थोडे गॅलियम मागवले. ते ३० अंशांच्या आतच वितळते, म्हणून कुपी फ्रीजमध्ये ठेवली होती. मुलगी आली तेव्हा नातवाच्या तळहातावर खडा ठेवला. बघता बघता त्याचा चकचकीत थेंब झाला, पोरगे ओरडलेच. त्याच्या तळव्यावर करडा डाग राहिला. तो धुवायला ती त्याला नळाशी घेऊन गेली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, मला हे माहीत होतं. तेव्हा पुस्तकात वाचलं होतं."