पाश्चात्य राज्यपद्धती आणि मतदारांची यादी



पाश्चात्य राज्यपद्धतींचा विकास हा विषय चालकांनी सुचविला तेव्हा आम्ही म्हटले, हा प्राध्यापकांचा प्रांत; आम्ही पडलो युनियनची वर्गणी गोळा करणारे. ते म्हणाले, तुम्हांला दिसतो तसा सांगा. तेव्हा राजसत्ता, अल्पजनसत्ता, लोकसत्ता या व्याख्या बाजूला ठेवून आम्ही हा इतिहास एकच प्रश्न मनात धरून वाचला: यादीत नाव कोणाचे?

आरंभ अथेन्सपासून करण्याचा प्रघात आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात तेथील नागरिक उघड्या सभेत बसून, हात वर करून निर्णय घेत आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमीत. पद्धत मोठी सुंदर. पण त्या सभेत स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलेले कारागीरही नव्हते. रोमने एक निराळीच युक्ती काढली. तेथे मोठे अधिकारी निवडताना मतदार मिळकतीप्रमाणे गटांत बसवीत आणि श्रीमंतांचे गट आधी मत देत. बहुमत झाले की मतदान थांबे. गरिबाचे नाव यादीत होते, पण त्याची पाळी बहुधा येतच नसे.

इंग्लंडात १२१५ साली सरदारांनी राजाकडून सनद लिहून घेतली. १२६५ मध्ये नगरांचे प्रतिनिधी प्रथम पार्लमेंटात बसले. पुढे १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि १६८९ मध्ये हक्कांचा कायदा होऊन राजा कायद्याखाली आला. शाळेच्या पुस्तकांत हे सर्व असते. त्याच पुस्तकांत जी गोष्ट क्वचित् आढळते ती १६४७ सालची. राजाचा पराभव करून क्रॉमवेलचे सैन्य लंडनजवळ पटनी येथे तळ देऊन होते. तेथल्या चर्चमध्ये सेनाधिकारी आणि साधे शिपाई एकत्र बसले आणि मत कोणाला असावे यावर त्यांनी वाद घातला. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याचे म्हणणे असे की, ज्याचा राज्यात कायमचा हितसंबंध आहे, म्हणजे ज्याला जमीन आहे किंवा व्यापारी संघात स्थान आहे, त्यालाच मत असावे. कर्नल रेन्सबरो याने उत्तर दिले, त्याचा आशय असा: गरिबातल्या गरिबालाही श्रीमंताप्रमाणेच आपले आयुष्य काढावयाचे असते, ज्या सरकारच्या स्थापनेत त्याचा शब्द नाही त्या सरकारला तो बांधील का असावा? शेवटी सरशी आयर्टनच्या बाजूची झाली. तो ‘कायमचा’ हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

फ्रान्सच्या माँतेस्क्यूने १७४८ मध्ये कायदा करणारे, राबविणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत असा सिद्धान्त मांडला. अमेरिकेने १७८७ च्या राज्यघटनेत तो उतरवून कारभाराचा प्रमुख विधिमंडळाबाहेर ठेवला. इंग्लंडात तो पार्लमेंटातूनच निघतो. हा भेद दूरचा वाटेल, पण आपल्याकडे सरपंच लोकांनी थेट निवडावा की सदस्यांनी, यावर २०१७, २०२० आणि २०२२ असा तीन वेळा कायदा फिरला, तो वाद मुळात हाच आहे.

आता मँचेस्टरला येऊ, कारण तेथून आपल्या जिल्ह्याला रस्ता आहे. १८३२ पूर्वी ओल्ड सेरम नावाच्या, जवळजवळ ओसाड झालेल्या जागेला पार्लमेंटात दोन सभासद होते आणि सूतगिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे साठ हजार माणसे मताचा हक्क मागण्यास जमली. त्यांत विणकर होते, बायका होत्या, मुले होती. घोडेस्वार तलवारी घेऊन घुसले. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. १८३२ च्या सुधारणेने मत मिळाले ते गिरणीच्या मालकाला. मजुराने १८३८ मध्ये सहा मागण्यांची सनद काढली: प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, उमेदवारास मालमत्तेची अट नको, सभासदास वेतन, समान मतदारसंघ आणि दरसाल पार्लमेंट. पार्लमेंटने ती झिडकारली, पुढाऱ्यांना तुरुंग दाखविला. पण शेवटची सोडून बाकीच्या पाचही मागण्या पुढे कायद्यात आल्या. शहरातल्या पुष्कळशा कामगारांना १८६७ मध्ये मत मिळाले.

याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि साहेबाचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. खामगावचा कापूस बंदराला जलद पोहोचावा म्हणून जलंबपासून खामगावला लोहमार्गाचा फाटा आणला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले. म्हणजे पाहा: आमच्या रुईच्या गाठी ज्या गिरणीत फुटत, तेथल्या मजुराला मत होते, ज्याने ती गाठ दाबली त्याला नव्हते. आमच्यावर राज्य करणाऱ्या पार्लमेंटात कोण बसावे हे ठरविण्यात त्या मजुराचा वाटा होता, आमचा नव्हता.

वऱ्हाडची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने दिला. कागदोपत्री धनी निजामच राहिला. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेकौन्सिलासाठी येथे निवडणूक होई, पण निवडून आलेल्या माणसाला सरकार मग ‘नेमी’, कारण वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानच नव्हते! आणि निवडणूक तरी कोणाची? शेतसारा, भाडे, प्राप्तिकर असल्या कसोट्यांना उतरणाऱ्या मूठभरांची. १९३५ च्या कायद्याने यादी वाढली, तरी देशभरात प्रौढांपैकी सुमारे सहावा हिस्साच तीत आला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी दोन कामगारांसाठी राखल्या.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. त्याच वर्षी इंग्लंडात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळाले. घटना समिती मर्यादित मतदारांनी निवडलेल्या आमदारांकडून आली होती, आणि तिने मर्यादाच काढून टाकली. इंग्लंडला १८३२ पासून १९२८ पर्यंत शहाण्णव वर्षे लागली ते येथे एका कलमाने झाले. लोकशाहीचे माहेर म्हणविणाऱ्या स्वित्झर्लंडात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत १९७१ मध्ये मिळाले, हेही जाता जाता सांगतो.

पण कलम लिहिणे वेगळे आणि यादी लिहिणे वेगळे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी सुमारे सतरा कोटी मतदारांची नोंद झाली. नावे लिहिताना लाखो बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे अठ्ठावीस लाख बायका यादीतून गळल्या. सेन यांना कठोर म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही म्हणणार नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगू लागल्या.

आम्ही म्हणणार नाही याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका जिनात सभासदांची यादी आम्हीच केली. कापूस निवडणाऱ्या बायांची नावे मुकादमाने भराभर सांगितली आणि आम्ही ती मुकाट्याने लिहून घेतली: गणपतची बायको, सोनाजीची सून. संध्याकाळी एक म्हातारी आमच्यापाशी येऊन म्हणाली, “माह्यं नाव कोनी इचारलंच नाही, भाऊ.” सुकुमार सेनांच्या कारकुनाने सत्तर वर्षांपूर्वी जे केले तेच आम्ही, मताचा इतिहास वाचलेले, करून बसलो होतो. वही फाडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

आणि त्याच वर्षी कार्यकारिणीत प्रश्न आला की कंत्राटी आणि हंगामी कामगारांना युनियनच्या निवडणुकीत मत द्यावे की नाही. वर्गणी आम्ही त्यांच्याकडून घेत होतो. आमचेच जुने, मार खाल्लेले, संपात उपाशी राहिलेले सहकारी उठून म्हणाले, ही माणसे आज येथे, उद्या तेथे. कोणी चहा पाजील त्याला मत देतील. ज्याची नोकरी कायमची, त्यालाच मत असावे. आम्हांला पटनीचे चर्च आठवले. आयर्टन वाईट माणूस नव्हता, लढाईत पुढे होता. आमचे सहकारीही तसेच. ठराव त्या दिवशी पडला. दुसऱ्या वर्षी सात मतांनी पडला. तिसऱ्या वर्षी तीन मतांनी मंजूर झाला, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत त्या म्हाताऱ्या बाईने आम्ही उभ्या केलेल्या उमेदवाराच्या विरुद्ध मत दिले, हे तिनेच आम्हांला येऊन सांगितले.