डिसेंबरची सावली
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

खानदेशात उन्हाला तोटा नाही. याच गच्च्यांवर आमच्या आयांनी बिबडे-कुरडया वाळवल्या; आता तिथे सौर पॅनल येत आहेत. २०२४ साली ‘पीएम सूर्यघर’ योजनेने तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरवले, तेव्हापासून ही चर्चा घरोघरी पोहोचली. पण पॅनल बसले म्हणजे पुरती वीज मिळाली, असे नाही.

आमच्या घरी पाचोऱ्यात दोन किलोवॅटचे पॅनल मे महिन्यात बसले. दिवसाला आठ युनिट मिळत. डिसेंबरात आकडा पाचावर आला. मी यंत्राला दोष देत होतो. एका दुपारी गच्चीवर गेलो, तर दक्षिणेकडच्या अंगणातल्या कडुनिंबाची सावली खालच्या ओळीवर पसरलेली!

मेअखेरीस पाचोऱ्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. सावली पायाशी गोळा होते. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि दुपारी बारालाही सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते. त्यात पॅनल एका साखळीत जोडलेले. एकावर सावली आली की इतरांच्या विजेलाही खीळ बसू शकते.

कारागीर म्हणाला, “झाड तोडा.” झाड अब्बांनी लावलेले. उन्हाळ्यात पंखा न लावता मी त्याच्याखालीच लिहीत बसतो. वीज वाचवणारे झाड विजेसाठी तोडायचे? आम्ही पॅनल उत्तरेच्या कडेला सरकवले. खर्च आला, पण त्याच हिवाळ्यात युनिट सातावर गेले. उरलेले एक युनिट झाडाचे!

बाकी गोष्टी सोप्या आहेत. पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि कल वीस-एकवीस अंश, म्हणजे इथल्या अक्षांशाएवढा ठेवावा. पॅनलखाली हवा खेळू द्यावी. पॅनल २५ अंशांवर तापले की दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. धूळ पहाटे धुवावी, काच थंड असते. फजरची नमाज झाली की मी बादली घेऊन वर जातो. बोअरचे पाणी काचेवर वाळू देऊ नये, क्षारांचे डाग धरतात.

आणि पॅनल बसवण्याआधी डिसेंबरातला एक दिवस गच्चीवर काढा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता खडूने सावलीच्या रेषा आखा. तोवर थांबणे शक्य नसेल, तर झाड किंवा टाकी गच्चीच्या वर जितकी उंच, त्याच्या निदान दीडपट अंतर उत्तरेला सोडा. खडूला दोन रुपये लागतात. आम्हाला पॅनल हलवायला बरेच जास्त लागले.